ताईसाठी नेलेले बूट

माझ्या लग्नाला महिना राहिला होता. ताईशिवाय उभी राहणार नाही, असा हट्ट धरून मी नागपूरहून निघाले. ताई नन आहे. अर्जुनी मोरगावजवळच्या खेड्यात चार सिस्टर मिळून छोटा दवाखाना चालवतात. मदर सुपिरियरच्या परवानगीशिवाय ती हलत नाही, म्हणून परवानगी काढायला मी स्वतः! सोबत तिच्यासाठी भारीतले स्पोर्ट्स शूज, कारण ती गावोगाव पायीच हिंडते.

जाणार असाल तर गोंदियाला पॅसेंजर पकडा आणि समोसा-चहा तिथेच उरका. तिकीट स्वस्त, खिडकीबाहेर धान आणि तलाव फुकट. अर्जुनीला ऑटोत पत्ता सांगू लागले, तर शेजारची बाई म्हणाली, "सिस्टरच्या दवाखान्यात जाऊन राहिली ना? मंग पत्ता कायले सांगतेस? बस चुपचाप!"

जेवायला भात, लाखोरीचं वरण, तलावातली मासळी. ताईने बूट घालून पाहिले, खूश झाली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून आली. आलेली भेट टेबलावर जाते, मग गरज बघून मदर ती कुणाला तरी देतात, ही तिथली रीत. सकाळी बूट टाचदुखीने बेजार झालेल्या सिस्टर लिलींच्या पायात! माझं डोकंच फिरलं. ताई झिजलेल्या चपला घालून हसत होती.

वर मदरचा नकार. लग्नाच्या आठवड्यात गावात दोन बाळंतपणं होती आणि नर्स एकटी ताईच.

"तू भांडत का नाहीस?" तलावाच्या पाळीवर मी विचारलं.

"मला यायचंच होतं गं," ताईचे डोळे भरले. "पण मी शब्द दिलाय. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. तुझं तरी काय वेगळं? जे आहे ते दोघांचं, एकाशीच एकनिष्ठ राहायचं, आणि कधीतरी त्याचंही ऐकायचं."

"तो ऐकेल माझं!" मी म्हणाले. ती खदखदून हसली. मी मात्र परतीच्या गाडीत गोंदियापर्यंत रडले.

लग्नात शपथ घेताना तिचे शब्द आठवले. बाहेर आले तर चर्चच्या दारात सिस्टर लिली उभ्या. टाच दाखवायला नागपूरला आल्या होत्या. पांढऱ्या साडीखाली तेच बूट, लख्ख पुसलेले.

"तुह्या ताईनंच पुसून देल्ले," त्या म्हणाल्या. "म्हने, मी नाही तं नाही, बूट तरी लग्नाले जाऊ दे."