दट्ट्याखालच्या पाकळ्या

कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत, कारण ताई तिला वहिनी म्हणत. ताई म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण आणि कारखान्याची मालकीण. कारखाना म्हणायचा तो उगाच मान द्यायचा म्हणून. तळमजल्यावर दोन ओल्या खोल्या, चिंध्यांच्या लगद्याने भरलेला हौद आणि कोपऱ्यात कागदांची चळत दाबून पाणी काढणारा लोखंडी दाब. त्यावर राहतं घर आणि घरावर माळा. माळ्यावर पसरलेल्या जाळ्यांवर फुलं वाळत. ती लगद्यात मिसळून हाताने कागद करायचा, हा तिघांचा धंदा.

लग्नाआधी वहिनी एका हॉटेलात सकाळच्या नाश्त्याच्या पाळीला होती. हॉटेल बंद पडलं तेव्हा मालक म्हणाला, ज्याला जे हवं ते न्या. कोणी चादरी नेल्या, कोणी आरसे. हिने काचेचं फ्रेंच प्रेस उचललं. जाड दळलेली कॉफी तळाशी घालायची, गरम पाणी ओतायचं, थांबायचं आणि मग जाळी लावलेला दट्ट्या खाली दाबायचा. गाळ तळाशी अडकतो, कॉफी वर राहते. रिकाम्या होत चाललेल्या त्या इमारतीतून ती ते भांडं छातीशी धरून बाहेर पडली, आणि तसंच धरून पुढे सासरी आली.

सासरची पहिली कॉफी मात्र फसली. नवं घर, समोर नणंद, त्यात घाई. तिने दट्ट्या एकदम दाबला आणि कारंजं उडालं. ताईंनी आधी छताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"छताला पाजून झाली असेल तर आम्हालाही दे."

नवरा हसला. त्याला हसताना पाहून तीही हसली, पण मनातून मेल्यासारखी झाली.

दाब कसा द्यायचा ते तिला हॉटेलने शिकवलं नव्हतं, तिथे सगळी घाईच होती. ते तिला खालच्या लोखंडी दाबाने शिकवलं. तिथे ताई चाक फिरवत तेव्हा मध्येच थांबत. पाण्याला वाट काढायला वेळ द्यायचा. घाई केली की पाणी बाजूने फुटतं आणि कागद फाटतो. वहिनीने ते पाहिलं आणि वर येऊन दट्ट्यावर नुसता तळहात ठेवायला लागली. हाताच्या वजनानेच तो खाली जायचा. घड्याळ ती बघत नसे. खाली ताईंनी साचा हौदात बुडवून एक कागद उचलावा, पाणी निथळू द्यावं, कांबळ्यावर उलटावा, असे काही कागद झाले की कॉफी झाली. साचा टेकल्याचा आवाज जिन्यातून वर येई.

सकाळी कॉफी आणि दुपारी त्याच भांड्यात पालेचहा. गवती चहा, पुदिना, लिंबाची साल, आलं, गुलाबाच्या पाकळ्या. सगळं खिडकीतल्या कुंड्यांमधलं आणि माळ्यावर स्वतः वाळवलेलं. आल्याला जास्त वेळ लागतो, पुदिना जास्त ठेवला तर कडवट होतो, हे तिने पिऊन पिऊन ठरवलं. कॉफीचा वास पुदिन्यात उतरू नये म्हणून ती रोज दट्ट्याची जाळी सुटी करी, सोड्याने घासे, उन्हात ठेवी.

"एवढी सेवा माझ्या भावाची केली असतीस तर तो आज माणसात असता," ताई म्हणत.

"त्यांना सोड्याने घासून बघितलं मी. काही फरक नाही."

नवरा हे ऐकून घेई. तो स्वभावाने गरीब आणि सदैव दुसरीकडेच असलेला. चिंध्या कुटायच्या यंत्राजवळ आयुष्य काढल्यामुळे त्याला अर्धं ऐकू येई आणि उरलेलं अर्धं तो ऐकत नसे.

पालेचहाला ताई पालापाचोळा म्हणत आणि कधी शिवत नसत. पण एका आठवड्यात पित्ताने त्या हैराण झाल्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची कॉफी बंद केली. दोन दिवस ताई कोणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्याच्या तळाशी उभ्या राहून म्हणाल्या, "दे बाई तुझा पालापाचोळा. मरण येत नाही तोवर काहीतरी प्यायलाच हवं."

वहिनीला इतका आनंद झाला की तिने गुलाबाच्या पाकळ्यांची बरणी सरळ भांड्यात उपडी केली. पाकळ्या तिने भरल्यासारख्या मोकळ्या नव्हत्या, पार चुरगळून कोंबलेल्या होत्या, ते तिला दिसलं, पण मनात शिरलं नाही. वर बडीशेप, चार पानं पुदिना. दट्ट्यावर तळहात ठेवला. ताईंनी ग्लासभर चहा उभ्याउभ्याच संपवला आणि त्या परत हौदापाशी गेल्या.

भांडं धुवायला तिने नळ सोडला तेवढ्यात नवरा वर आला.

"बरणी भरलेली दिसली ना? मीच काल भरली. रिकामी होती म्हटलं, तुला बरं पडेल."

"कुठून भरली?"

"माळ्यावरून. जाळीवरच्या पाकळ्या."

वहिनीने नळ बंद केला. माळ्यावर त्या आठवड्यात दोन जाळ्या होत्या. खिडकीपाशी तिच्या गुलाबाच्या पाकळ्या, दारापाशी कागदासाठी कण्हेर. कण्हेरीचा गुलाबी रंग लगद्यात टिकतो. पण कण्हेर पोटात गेली तर काळीज बंद पाडते, म्हणून तिला हातमोजे घालूनच हात लावायचा, आणि माळ्यावरचं काहीही वहिनीने नाहीतर ताईंनीच खाली आणायचं, हा घरातला नियम. नवऱ्यालाही तो ठाऊक होता. पण त्याच्या लेखी फूल म्हणजे फूल, आणि बायकोला मदत म्हणजे मदत.

"कुठल्या जाळीवरून? अहो, खिडकीच्या की दाराच्या?"

त्याने माळ्याच्या जिन्याकडे पाहिलं. "उजेड होता तिथे," तो म्हणाला. मग, "पण दार पण उघडंच होतं."

ती माळ्यावर धावली. दोन्ही जाळ्या रिकाम्या. उरलेलं सगळं ताईंनीच सकाळी झाडून घेतलं होतं. कण्हेर हौदात गेली होती आणि गुलाबाचा उरलासुरला चुराही तिच्याबरोबर. बरणीच्या तळाला नुसती धूळ. खालून, काही घडलंच नाही अशा चालीने, साचा टेकल्याचा आवाज येत होता. वहिनीला वाटलं, हा आवाज थांबला की सगळं थांबेल. जिना उतरताना ती त्या आवाजाला धरून उतरली.

"ताई, हात पुसा. दवाखान्यात जायचंय."

"कोणाला काय झालं?"

"तुम्हाला."

पाकळ्यांचा घोळ ताईंनी ऐकून घेतला. भावाकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, चुन्यासारखा पांढरा.

"बाळ्या," ताई म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा तू घरात मदत केलीस." आणि मग वेगळ्या आवाजात, "मला खरंच मळमळतंय गं वहिनी."

वहिनी ताईंना धरून चालली आणि नवरा मागून फ्रेंच प्रेस घेऊन. ते आणायचं वहिनीलाच सुचलं. दट्ट्या अजून खालीच दाबलेला होता. वर थोडा गार झालेला चहा, खाली पाकळ्यांचा चोथा. ताईंनी काय प्यायलं याचा तेवढाच साक्षीदार उरला होता.

डॉक्टरीणबाईंनी एकही प्रश्न वाया घालवला नाही. ताईंना आडवं केलं, छातीला चकत्या चिकटवल्या, यंत्रातून कागदाची पट्टी सरकू लागली. मोठ्या रुग्णालयात फोन करून गाडी तयार ठेवायला सांगितलं. मग भांड्याकडे वळल्या.

"ठोके सध्या नीट आहेत. पण कण्हेर असेल तर ते नंतर बिघडतात, म्हणून थांबून चालणार नाही. यात काय आहे ते कळलं तर बरं. उलगडतील का या पाकळ्या?"

"उलगडतील," वहिनी म्हणाली. "पाण्यावर सोडल्या की उलगडतात. आम्ही रोज तेच करतो."

वरचा चहा तिने ग्लासात काढून ठेवला. दट्ट्या उचलला. पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घेऊन चोथा त्यात सोडला आणि चमच्याच्या दांड्याने पाणी हळूच हलवलं. पुदिना वेगळा झाला, बडीशेप तळाशी बसली. पाकळ्यांचा तपकिरी गोळा मात्र तसाच राहिला.

"कण्हेरीची फुलं आम्ही अख्खी वाळवतो," ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. "चुरली तरी कुठेतरी देठाकडची नळी राहणार."

"आणि नळीच्या तोंडाशी झालर असते," डॉक्टरीणबाई भिंग घेऊन वाकल्या. "पाकळीही सरळ नसते, पंख्याच्या पात्यासारखी तिरकी असते."

गोळ्यातून पहिला तुकडा सुटला. लांबट, अरुंद, एका अंगाला कललेला. नवऱ्याने तोंड फिरवलं. वहिनीला पाण्यात ट्रेचा तळ दिसेना, काहीच दिसेना. तिने चमच्याची दांडी त्या तुकड्याखाली घातली, आणि कागद कांबळ्यावर टेकवतात तितक्या सावकाश ती वर उचलली. तुकडा दुमडलेला होता. पाण्याने त्याची घडी सोडवली. गोल पाकळी. वरच्या कडेला मध्ये खाच, खाली फिकट पांढरा ठिपका.

"गुलाब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण एकीवर भागायचं नाही."

मग दुसरी सुटली, मग जवळजवळ सगळ्याच एकदम. गोल, सुट्या, बोटाच्या पेरापेक्षा मोठी एकही नाही. काही फाटलेल्या होत्या, पण कडा जुळत होत्या. नळी नाही, झालर नाही. डॉक्टरीणबाईंनी सगळा ट्रे भिंगाखाली पाहिला, पुन्हा पाहिला, मग भिंग खिशात टाकलं. "सगळा गुलाब आहे. कण्हेरीचं यात काही नाही."

नवरा जमिनीवरच बसला. खुर्ची शेजारी होती तरी.

वहिनी उभीच होती. तिच्या पाठीतून काहीतरी उतरत गेलं, चळतीतून पाणी उतरतं तसं, सगळीकडून आणि आवाज न करता. हातात चमचा आहे हेही तिला उशिरा कळलं.

"नक्की ना?" पलंगावरून ताईंचा आवाज आला. बारीक, लहान मुलीसारखा. कारखान्यात हा आवाज कोणी ऐकला नव्हता. "की माझी समजूत घालताय? पाकळ्या हिच्या, भांडं हिचं, आणि खात्रीही हिचीच."

वहिनीने बाजूला ठेवलेला ग्लास उचलला. डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. "नुसता गार चहा आहे तो. प्यायचा तर प्या."

तिने तो सगळा प्यायला. गार, कडवट, पुदिना जास्त वेळ राहिलेला. रिकामा ग्लास ताईंना दाखवला आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"झालं. आता तुमचं जे होईल ते माझं."

ताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, मग चिकटवलेल्या चकत्या. यंत्रातली पट्टी वेडीवाकडी होऊ लागली.

"हसू नका हो," डॉक्टरीणबाई ओरडल्या, "मला वाचता येईना."

"मी कुठे हसतेय! ही हसवतेय. म्हणे तुमचं जे होईल ते माझं! पित्त घे मग माझं!"

"द्या."

"आणि मळमळ?"

"ती भीतीची होती. ती मलाही होती."

खबरदारी म्हणून तासभर थांबा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि फोन करून गाडी नको म्हणाल्या. नवरा खाली बसल्याबसल्या रडत होता. ताईंनी त्याला हाक मारून जवळ बोलावलं आणि डोक्यावर टपली मारली, मग हात तिथेच राहू दिला.

"ताई, मी आता कधीच..."

"कधीच काय? दोन्ही जाळ्या यापुढे एका माळ्यावर नाहीत. कण्हेरच नको. लोकांना कागद पांढरा घ्यायचा तर घेतील." त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "हौदात आहे ती काढून टाकायची. माझ्याकडून होणार नाही. आज तरी."

"मी काढते."

"हातमोजे घालून."

"हो."

वहिनीने ताईंची बोटं हातात घेतली. लगद्याच्या पाण्याने कायमची मऊ पडलेली, सुरकुतलेली, गार बोटं. नळीतून पाणी थेंबथेंब पडावं तसे यंत्राचे ठोके येत राहिले, एक, मग एक, मग एक. ती ते मोजत नव्हती. फक्त पुढचा येतो आहे हे तिला पुरत होतं. ताईंचे डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

पट्टीचा शेवटचा तुकडा हातात घेऊन डॉक्टरीणबाई आल्या, चकत्या काढल्या आणि म्हणाल्या, "उत्तम. घरी जा."

नवरा उठला आणि चपला शोधू लागला. त्या दोघी मात्र पलंगावर तशाच राहिल्या, घाई नसलेल्या माणसांसारख्या.