वाळलं की तोडलं

रोमन साम्राज्यातला जमीनकर हा विषय डेमो क्लासला घेणारी बाई एक तर वेडी असावी, नाही तर भांडायला निघालेली. मी वेडी नव्हते.

ओमानच्या आतल्या भागात, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका भारतीय शाळेत मी अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. नवरा मस्कतजवळ रुसैलच्या कारखान्यात. तो गुरुवारी संध्याकाळी येतो आणि शनिवारी परत जातो. बाकीचे दिवस माझे आणि ह्युमॅनिटीजच्या माझ्या सहा मुलांचे. तीन वर्षांपूर्वी वर्गात एकोणीस मुलं होती. ती सहावर आली, त्या वर्षी फेब्रुवारीत शाळेच्या समितीनं कळवलं, की तुमचा एक तास आम्ही मागे बसून बघू आणि एप्रिलपासून ही शाखा ठेवायची की बंद करायची ते ठरवू.

बंद झाली, तर माझं काय व्हायचं ते होवो, मला सहावी-सातवी देतील. पण अकरावीतल्या या सहा जणांना बारावीसाठी दुसरी शाळा शोधावी लागणार होती आणि ती होती मस्कतला. त्यांच्यातली एक मुलगी रायगडच्या किनाऱ्याकडची. वडिलांचं इथल्या बाजारात कापडाचं दुकान. दुकान टाकून मस्कतला बिऱ्हाड करणं त्यांना या जन्मात शक्य नव्हतं. मुलीला व्हायचं होतं वकील.

या मुलीच्या प्रवेशाची गोष्ट मी विसरलेले नाही. तिचे वडील सलग तीन दिवस प्रवेशाच्या खिडकीशी उभे राहिले आणि तिन्ही दिवस त्यांना एकच उत्तर मिळालं, "ह्युमॅनिटीज फुल्ल है." चौथ्या दिवशी ते संकोचत माझ्याकडे आले. मी वर्गात जाऊन पाहिलं. फुल्ल कसली डोंबलाची! मागच्या बाकांवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ होती. मी तिला हाताला धरून ऑफिसात नेलं आणि फॉर्मवर सही होईपर्यंत तिथून हलले नाही.

तर डेमोचा विषय. प्रिन्सिपल सर मनानं वाईट नाहीत. त्यांनी प्रेमानं सुचवलं, "मॅडम, ग्लॅडिएटर दिखाइए ना. स्मार्टबोर्ड पे व्हिडिओ लगाइए. बच्चे भी एन्जॉय करेंगे, कमिटी भी." माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतिहास म्हणजे काय सर्कस आहे, तिकीट काढून बघायला? मी म्हटलं, "सर, मी जमीनकर घेणार." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

जमीनकराचं मला वेड लागलं ते एका जुन्या नियमामुळे. रोमच्या प्रांतातल्या जमीनमालकाला आपल्या शेताची माहिती स्वतः लिहून द्यावी लागे: शेताचं नाव काय, शेजारी कोण, पेरा किती, द्राक्षाचे वेल किती, ऑलिव्हची झाडं किती. आपल्या सातबाऱ्याचा कुणी लांबचा पणजोबाच म्हणायचा. खुद्द इटलीतल्या जमिनीला मात्र शतकानुशतकं हा कर नव्हता. राजधानीच्या सावलीत बसणारे मोकळे आणि लांबच्यांनी झाडं मोजून द्यायची. आमची समिती मस्कतहून यायची, त्यामुळे हा भाग मला शिकवायला फार सोपा जाई.

पण खरी गंमत पुढे आहे. त्यांच्या एका कायदेपंडितानं लिहून ठेवलंय, की झाड आपोआप वाळलं, तर ते मोजणीत धरणं अन्याय आहे. तेच झाड मालकानं स्वतः तोडलं, तर मात्र ते उभं आहे असं समजूनच मोजायचं. सुटका हवी असेल, तर अधिकाऱ्यापुढे कारण सांगायचं. अठराशे वर्षं झाली, पण वाळलं की तोडलं, हा प्रश्न विचारायचं धाडस अजून कितीशा लोकांना होतं?

डेमोच्या आधीच्या शनिवारी मी सहाही मुलांना गावाबाहेरच्या एका खजुराच्या बागेत नेलं. बागेचे मालक ओमानी म्हातारबाबा, सत्तरी उलटलेले, लिहिता-वाचता न येणारे. फळ धरावं म्हणून मादी खजुराला नर-फुलोरा बांधायचे दिवस होते. बाबा कंबरेला दोर बांधून झाडावर चढले होते, ते आम्हाला पाहून उतरले आणि आधी कहवा प्यायला लावला. मग तीन मुलं झाली रोमन अधिकारी, तीन झाली मालकाची माणसं आणि मोजणी सुरू झाली. झाडं भरली एक्केचाळीस.

पाण्याच्या पाटाजवळ दोन बुंधे होते, गुडघ्याएवढे. त्यांच्यापाशी माझी कापडवाल्याची मुलगी अडली. घरात ती कोकणी बोलते, वर्गात इंग्रजी. माझ्याशी दोन्हींची मोट बांधते. "टीचर, ही दोन झाडां पन लिहायची? ही तर डेड आहेत."

मी काही बोलायच्या आत बाबांनी हातानं थांबवलं. भारतीयांशी बोलून बोलून त्यांना कामापुरतं हिंदी येत होतं. "डेड नहीं. मैं काटा. पानी कम हुआ, बाकी झाड बचाना था. मैं काटा. लिखो."

मी म्हटलं, "बाबा, हा खेळ आहे. नाही लिहिलं तरी चालेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वरमल्यासारखं झालं. "खेल में झूठ क्यों?" ते म्हणाले. मुलीनं खाली मान घालून त्रेचाळीस लिहिले आणि पुढे कारण लिहिलं.

डेमोला समितीचे चौघं आले. अध्यक्ष मूळचे पुण्याचे, इंजिनिअर, इस्त्रीचा शर्ट. वर्ग झकास रंगला. मुलांनी बागेचा कागद वाचला, अधिकारी आणि मालक कडाकडा भांडले, बुंध्यांच्या मुद्द्यावर तर बाकं वाजली. मागच्या चौघांच्या हातातही मी त्याच मोजणीचा एकेक कोरा फॉर्म ठेवला होता; त्याची शेवटची ओळ होती, 'कमी झालेली झाडं: वाळली की तोडली? कारण लिहा.'

तास संपल्यावर अध्यक्ष मराठीत म्हणाले, "मॅडम, तुम्ही आपलं माणूस म्हणून स्पष्ट बोलतो. शिकवता छान, प्रश्नच नाही. पण आकडे बघा ना. एकोणीसवरून सहा. आम्ही कोण बंद करणारे? ही शाखा आपली आपणच मरतेय."

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदाच ते गिळलं असेल, कारण कापडवाल्याची मुलगी उभी राहिली होती. तिनं अध्यक्षांच्या पुढ्यातला कोरा फॉर्म सरळ केला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजी तिला सोपं गेलं असतं, पण बोलली ती मराठीतच, एकेक शब्द चाचपडत. "सर, एकोणीसचे सहा झाले. बाकीची तेरा झाडां... वाळली, की तोडली? माझ्या वडिलांना खिडकीवर तीन दिवस बोलले, फुल्ल आहे. मी आले तवा तेरा बाकं खाली होती."

प्रिन्सिपल सरांनी चष्मा काढला. अध्यक्षांनी खिशातलं पेन काढलं, फॉर्मवर वरच्या रकान्यात सहा लिहिलं आणि शेवटच्या ओळीशी त्यांचं पेन थांबलं. एक अडाणी म्हातारा ज्या प्रश्नाला क्षणभरही अडखळला नव्हता, त्यापुढे हा शिकलेला माणूस पेन उघडं धरून बसला होता. मला त्यांची दया आली नाही. येऊ दिली नाही म्हणा.

"बघू," ते म्हणाले. फॉर्म त्यांनी तिथेच बाकावर ठेवला. तो आजही माझ्या कपाटात आहे, शेवटची ओळ कोरी.

आठवड्यानं पत्र आलं, शाखा आणखी एक वर्ष चालू ठेवत आहोत. एक वर्ष म्हणजे उपकारच! मी आभाराचं पत्र पाठवलं नाही. एप्रिलमध्ये प्रवेश सुरू झाले, त्या सकाळी स्टाफरूममधली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि खिडकीच्या आत, क्लार्कच्या शेजारी मांडली. मला तिथे कुणी बोलावलं नव्हतं. क्लार्कनं विचारलं, "मॅडम, आप यहाँ?" मी म्हटलं, "झाडं राखतेय."

अकराच्या सुमाराला बुरख्यातल्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. हळूच म्हणाल्या, "ह्युमॅनिटीज फुल्ल आहे असं ऐकलं..."

क्लार्कनं माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्म पुढे सरकवला.

"जागा आहे," मी म्हटलं. "लिहा मुलीचं नाव."