रंग वाळायला आठ दिवस

शिरूरजवळ एका कारखान्याच्या शेडचं काम होतं आणि वेळापत्रक कोणत्या पद्धतीने आखायचं, हे मला ठरवायचं होतं. जुन्या पद्धतीत प्रत्येक ठेकेदार आपापली तारीख देतो. नव्या पद्धतीत प्रत्येकाने आपल्या कामात दडवलेले जादा दिवस काढून घ्यायचे आणि ते शेवटी, सगळ्यांसाठी मिळून, उघडपणे राखून ठेवायचे. दिवस सगळेच दडवतात, याची मला खात्री होती. साइटवर 'होऊन जाईल' म्हणणाऱ्या माणसावर मी कधीच विश्वास ठेवलेला नाही.

म्हणून वेळापत्रकाच्या फळ्यावरची एकेक ओळ मी संशयानेच वाचली. लोखंडी खांब उभारणाऱ्या टोळीच्या मुकादमाने लिहवून घेतलं होतं : रंग वाळायला आठ दिवस. ऐन चैत्रात! तिथे ओला शर्ट दोरीवर टाकेपर्यंत वाळत होता.

"मामा, मला शेंडी लावता काय?" मी भडकलो.

मामा पाबळकडचे. ते शांतपणे म्हणाले, "गावची जत्रा हाय. त्या आठवड्यात पोरं हातात पाना धरायची न्हाईत. जत्रा लिवली असती तर तुम्ही खोडली असती. रंग कोन खोडतंय?"

मी खडू उचलला, त्या आठ दिवसांवर काट मारली आणि ऐटीत वळलो. मामांची नजर फळ्याच्या तळाशी होती. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : अंतिम तपासणी, पंधरा दिवस.

"सायेब," मामांनी विचारलं, "आन् तुमचं काय वाळतंय?"