दातांत धरलेलं घड्याळ

६ डिसेंबर १९५३, रविवार, सकाळी आठ. धुळ्यातलं आमचं घर. हजर : मी, पत्नी, माझे थोरले भाऊ आणि नऊ वर्षांची मुलगी. मास्तरांची चिठ्ठी आली होती : मुलगी वर्गात ऐकत नाही, पुढे पाठवू नये.

भाऊ म्हणाले, "तिनं ध्यानच नही शे. शाळा कसाले जोयजे?"

"भाऊ, आधी तिला किती ऐकू येतं ते मोजू. शाळा हवी की नको, ते मग ठरवू."

घर कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे. सहा दिवस यंत्रांचा गडगडाट, म्हणून रविवारच बरा. डोळे बांधायचे आणि खिशातलं घड्याळ लांबून हळूहळू कानाजवळ आणायचं. मला टिकटिक बत्तीस इंचांवरून आली, भाऊंना एकोणीस. मुलीला उजव्या कानाने सहा, डाव्याने दोन. तीनदा मोजलं.

"मंग बहिरीच शे ना," भाऊ म्हणाले. पत्नीने डोळ्यांना पदर लावला.

मी थांबलो नाही. आवाज म्हणजे थरथर. ती हवेतून कानाच्या नळीत शिरते, आतला पडदा हलवते. पण हाडातूनही ती आत पोचते. मी घड्याळ मुलीच्या दातांत धरायला दिलं. तिने लगेच ते काढलं आणि ओरडली, "अण्णा, डोक्यातच वाजतंय! केवढ्यांदा!"

म्हणजे आतलं सगळं शाबूत होतं. वाट बुजली होती. कशाने, ते पत्नीला सुचलं. गडगडाटाचा त्रास नको म्हणून हंगामात आमच्या आळीत रोज सकाळी मुलांच्या कानांत तेलात भिजवलेले कापसाचे बोळे घालत. शाळेच्या दाराशी ते काढायचे.

"काढतेस ना गं रोज?" पत्नीने मुलीला विचारलं.

"हाती येईल तेवढा काढते."

घरी कुणाला कानात काडी घालू दिली नाही. दुपारी डॉक्टरांकडे गेलो. कोमट पाण्याच्या पिचकारीने डाव्या कानातून दोन बोळे निघाले, उजव्यातून एक, काजळीसारखे काळे. डॉक्टर पैसे घेईनात. म्हणाले, "उद्या शाळेत काय होतं ते पाहू, मग द्या."

सोमवारी मी वर्गाच्या दारात उभा राहिलो. "मास्तर, तिला शेवटच्या ओळीत बसवा आणि शुद्धलेखन घाला." दहा ओळी झाल्या. चुका दोन. मास्तरांनी पाटी दोनदा वाचली, चिठ्ठी माझ्याकडून मागून घेतली आणि फाडली.

परतताना डॉक्टरांना दोन रुपये दिले.