मागच्या बाकावरच्या बाई

आम्ही नवरा-बायको दोघंही वनस्पतिशास्त्र शिकवायचो. हे बारामतीत, मी इंदापूरच्या कॉलेजात. टाळेबंदीत वर्ग घरात आले तेव्हा यांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला आणि धड्यांचे व्हिडिओ करायला घेतले. पहिला व्हिडिओ बघवत नव्हता. एरवी वर्ग डोक्यावर घेणारा माणूस बातम्या वाचल्यासारखा बोलत होता.

"कुणी चुकल्याशिवाय मला शिकवताच येत नाही," हे वैतागून म्हणाले.

मग मी मोबाइलच्या मागं उभी राहू लागले. हे प्रश्न विचारून थांबायचे आणि मी मुद्दाम चुकायचे. की गडी खुललाच. कुठं चुकायचं ते मी आधीच ठरवून ठेवायचे. मुलं नेमकी कुठं घसरतात हे इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. माझ्याकडं बघून बोलायची सवय लागल्यामुळं त्या सगळ्या व्हिडिओंत यांची नजर कॅमेऱ्याच्या थोडी वर आहे.

खोडाच्या धड्यात यांच्या एका हातात उसाची कांडी आणि दुसऱ्या हातात बटाटा आहे. "कांडी म्हणजे खोड. मग बटाटा काय?" हे थांबतात. माझा आवाज येतो, "मूळ आहे, सर." मग हे कांडीवरचा डोळा दाखवतात, बटाट्यावरचा दाखवतात. "मुळाला डोळं असत्यात व्हय? मागच्या बाकावरच्या बाई, बसा खाली." घरी प्रमाण मराठी बोलणारा हा माणूस शिकवताना मात्र थेट आपल्या गावाला, कन्हेरीला पोचायचा.

हे गेले त्याला दीड वर्ष झालं. तेराव्यानंतर मी कॉलेजात गेले आणि हाच व्हिडिओ लावला, कारण मला बोलायचा कंटाळा आला होता. बाई खंबीर आहेत, असं स्टाफरूममध्ये ठरून गेलं. खंबीर कसली, मला काही वाटतच नव्हतं. मुलं हसली तेव्हा मी खिडकीची कडी लावत होते. तास संपल्यावर कळंबहून येणारी एक मुलगी जवळ आली; यांचे बाकीचे व्हिडिओ तिनं मोबाइलवर बघितले होते.

"मॅडम, ती मागच्या बाकावरची कोण हाय ओ? समद्या व्हिडिओत चुकती बिचारी."

"होती एक," मी म्हटलं, आणि हजेरीपट उचलून निघाले.

यंदा ते व्हिडिओ कॉलेजच्या संकेतस्थळावर चढवायचं ठरलं. तपासणाऱ्या समितीनं शेरा मारला, चुकीची उत्तरं काढून टाकावीत, मुलं नेमकी तेवढीच लिहून घेतात. त्यात खोटं काही नव्हतं. संगणक कक्षात बसून मी एकेका व्हिडिओत माझा आवाज तेवढा बंद करत गेले. नखं कापताना दुखतं तितकंच दुखलं. यांच्या वाक्यांना मात्र हात लावायला धीर झाला नाही. त्यामुळं यांचा प्रश्न राहिला, मधली शांतता राहिली आणि पुढचं यांचं बोलणंही राहिलं. शेजारी बसलेल्या सरांनी चहा मागवला, तो मी प्यायले.

गेल्या आठवड्यात नव्या वर्गाला तो खोडाचा धडा लावला. दिवे बंद करायला मी मागच्या भिंतीशी गेले आणि तिथंच उभी राहिले.

"मग बटाटा काय?" हे पडद्यावर म्हणाले आणि थांबले. मुलांच्या डोक्यांवरून यांची नजर सरळ माझ्यापर्यंत आली. भुवया वर, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं. वर्गात कुणीच बोलेना. हे वाट बघत होते.

"मूळ आहे, सर," मी म्हणाले.

सगळी मुलं मागं वळली.

"मुळाला डोळं असत्यात व्हय?" हे म्हणाले. "मागच्या बाकावरच्या बाई, बसा खाली."

मागचा बाक रिकामाच होता. मी बसले, आणि मग मला उठताच येईना.