सैपाकघराकडं तोंड केलेला स्पीकर

आमच्या परळीत घरोघरी होम थेटर बसवणारा एक गडी हाय. गल्लीत सारखा दिसतो. बोललेलं दोनदा बोलतो, आणि कुठला बी स्पीकर उघडला की आधी त्यात बसलेली थर्मलच्या चिमणीची राख फुंकून शिंकतो.

पोरानं नवा टीव्ही पाठवला, पण त्याचा आवाज माझ्या जुन्या स्पीकरांत जाईना. पोरगं म्हणलं, स्पीकर भंगारात द्या. मी त्या गड्याला बोलावलं. त्यानं मधी काडेपेटीएवढी डबी जोडली.

"नव्या टीव्हीचा आवाज आकड्यात असतो काका, आकड्यात. जुन्या मशिनीला कळंल असा ही डबी करून देती."

मग म्हणला, "हा एक स्पीकर सैपाकघराकडं कावून वळलाय? कावून?"

"बायको भाकरी थापताना ऐकायची. गेली ती."

मला वाटलं, आता सरळ करंल. त्यानं हात लावला न्हाई.

"मग तपासायला तिथं बसा, तिथं."

ती गेल्यापासून मी आत पाट टाकून बसलो नव्हतो. बसलो. कीर्तन सुरू झालं, शब्द न् शब्द साफ.

"येतंय का काका, येतंय का?"

"येतंय की बे! पण हितं नुसतं बसून काय करू?"

"पीठ हाय का, पीठ?" म्हणत गडी आतच आला.

दोघांनी मिळून भाकरी थापली. तव्यावर टाकताना तिचे चार तुकडे झाले. तेच भाजून चटणीसंग खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं थापली. ती बी तुटली, पण दोनच तुकडे झाले.