गिअरबॉक्सचं तेल आणि आईचं माहेर

माझी मोटारसायकल साइडकारवाली होती. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाने ती माझ्या गळ्यात मारली आणि मीही ती हसत हसत मारून घेतली. मी तेव्हा रत्नागिरीत रस्त्यांवर ओव्हरसियर होतो. सन चौतीस असेल किंवा पस्तीस. अख्ख्या आळीत माझ्या फटफटीचा आवाज ओळखीचा झाला होता आणि मला त्याचा गर्व होता. माझा स्वभाव तापट होता. आता तो पुष्कळ निवळला आहे, असं घरातलं कुणी म्हणत नाही, मीच म्हणतो.

घरात आई आणि मी दोघंच. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मामाने आम्हाला आपल्याकडे नेलं. त्याचं गाव संगमेश्वरच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याशी. दोन वर्षांनी त्याने ठरवलं की पोराला मुंबईला एका ओळखीच्या दुकानात ठेवायचं. आईला मला शिकवायचं होतं. माझ्या घरात माझंच चालेल, असं मामा म्हणाला, आणि आई त्याच दिवशी मला घेऊन बैलगाडीत बसली. रत्नागिरीत तिने लोकांकडे शिवणटिपण केलं, पापड लाटले, आणि मला ओव्हरसियर केलं. एकोणीस वर्षं तिने माहेरचा उंबरठा ओलांडला नाही, आणि मामानेही कधी बोलावलं नाही. दोघांचा हट्ट एकाच साच्यातला होता.

त्या पौषात मामीचं पत्र आलं. मामाचं उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. वैद्य म्हणतात आता फार दिवस नाहीत, वन्सं येतील का, एवढंच लिहिलं होतं. मी पत्र वाचून दाखवलं. "नाही हो जायची मी," आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. तीन दिवस तिने तो विषय काढला नाही. चौथ्या दिवशी मला जेवायला वाढताना ताटाकडे बघतच म्हणाली, "तुझं ते यंत्र जातं का रे तिथवर?"

साइडकारला ती घंगाळ म्हणायची आणि त्यात मी मेले तरी बसणार नाही असं दहा वेळा बजावून झालं होतं. पण सर्व्हिस मोटार, म्हणजे उतारूंची बस, संगमेश्वरला सोडायची, तिथून पुढे आठ मैल चाल. आईचे गुडघे धरलेले, आणि बैलगाडीने दोन दिवस मोडले असते. दोन दिवस मामाकडे होते की नाही, कुणाला ठाऊक. तेव्हा घंगाळच उरलं.

अडचण गिअरबॉक्सची होती. चढाला लागलं की तो कण्हायचा. आतलं तेल साहेबाच्या काळातलं, काळं पडलेलं. इतक्या चढांच्या वाटेवर आईला घेऊन जायचं तर ते बदलणं भाग होतं. पण घालायचं कोणतं? साहेबाने दिलेल्या पुस्तकात नेमकं तेच पान फाटलेलं. बाजारात सल्ल्यांचा सुकाळ होता. एकाने एरंडेल सांगितलं, दुसऱ्याने दिव्यात जाळतात ते उंडीचं तेल. दुकानदार म्हणाला, सरळ ग्रीस भरा, वर्षभर बघायला नको. मला ते पटलंही होतं.

सुदैवाने आधी मी चाचांना विचारलं. मांडवीच्या बाजूला राहणारे हे म्हातारे गृहस्थ तीस वर्षं आगबोटींच्या इंजिनखान्यात तेलवाले होते. चालत्या यंत्राच्या पोटात हात घालून सांध्यासांध्याला तेल देणं हे त्यांचं काम. त्या धडधडीने त्यांचे कान गेले होते, म्हणून यंत्राचं दुखणं ते तळहाताने ऐकत. त्यांनी माझ्या गिअरबॉक्सवर हात ठेवला, मला गाडी सुरू करायला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. ग्रीसचं नाव काढताच त्यांनी मान हलवली. ग्रीसमधून आतल्या चाकांचे दात एकदा आपली वाट कापतात, मग ग्रीस कडेला बसून राहतं आणि दात कोरडेच फिरतात, असं त्यांनी मला समजावलं. तेल दातांना धरून राहिलं पाहिजे आणि उडालं तर वाहत परत त्यांच्याकडेच आलं पाहिजे.

मग त्यांनी दुकानातली दोन तेलं थोडी थोडी बाटल्यांत आणवली. रात्रभर बाटल्या अंगणाच्या दगडी गडग्यावर दवात ठेवल्या. सकाळी आडव्या करून तेल कसं सरकतं ते पाहिलं, आणि दुपारी उन्हात तापल्यावर पुन्हा पाहिलं. प्रत्येक वेळी एक थेंब अंगठ्यावर घेऊन चोळला, वास घेतला. मलाही तसंच करायला लावलं. पातळ तेल दुपारी पाण्यासारखं झालं. दुसरं, जाड हिरवट, सकाळी आळसावलं पण हललं, आणि दुपारी बोटाला चिकटून राहिलं. "सकाळी हलतं आणि दुपारी टिकतं, ते आपलं," चाचा म्हणाले. त्या तेलाचा डबा मी आणून त्यांच्याकडे दिला.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी जुनं तेल सोडलं, गिअरबॉक्स रॉकेलने धुतला आणि निथळायला ठेवला. संध्याकाळी डबा घेऊन येतो म्हणाले. मी कामावर गेलो. परत आलो तेव्हा अंधारून आलं होतं. झाकण काढून वाकून पाहिलं, तेल खुणेपर्यंत भरलेलं. बोट बुडवून वास घ्यायला चाचांनी शिकवलं होतं, पण मी कंटाळा केला. चाचा येऊन गेले म्हणायचं, असं म्हणून झाकण लावलं.

सकाळी उजाडताना बाहेर पडलो तर अंगाला झोंबणारी थंडी. आई लुगड्यावर माझा जुना कोट चढवून, मांडीवर गाठोडं घेऊन घंगाळात बसलीसुद्धा. मी किक मारली. किक खाली जाईना. सगळा भार टाकला, तेव्हा कशीबशी गेली, पण गाडी ढिम्म. पाच मिनिटं, दहा मिनिटं. घाम फुटला आणि त्याबरोबर डोकंही फिरलं. आई काही विचारत नव्हती, नुसती समोर बघत होती. तिचं ते गप्प बसणं मला सहन होईना. तडक चाचांचं घर गाठलं आणि त्यांच्या अंगणात उभा राहून, मोठ्याने बोलायची सोय होतीच, वाटेल ते बोललो. कसलं तेल ओतलंत, तीस वर्षं काय केलंत बोटीवर, माझी आई तिकडे खोळंबली आहे.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. घरात जाऊन डबा आणला आणि माझ्याबरोबर चालू लागले. डबा न उघडलेला होता, आणि तेही माझ्या लक्षात आलं नाही.

त्यांनी गिअरबॉक्सखालचा स्क्रू काढला. थेंब पडेना. तार घालून ढोसल्यावर पांढऱ्या लोण्यासारखा गोळा बाहेर आला. वास घ्यायची गरजच नव्हती. थंडीत बाटलीत गोठतं ते खोबरेल, घाण्यावरून आणून आईने स्वतः गाळलेलं, आमच्या चिनी बरणीतलं. चाचांनी एकदा आईकडे पाहिलं आणि तारेचं टोक फडक्याने पुसत मला म्हणाले, "चूक माझी झाली. अंधारात भलतंच ओतलं."

आई साइडकारमधून उतरली. एवढ्या घाईने तिला उतरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"खोटं बोलू नका चाचा. तेल मी घातलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ते बाजारचं काळंकुट्ट तेल बघवेना मला. तुझं यंत्र मला दादाकडे नेणार. म्हटलं, चांगलं घालावं."

आदल्या संध्याकाळी चाचा आले होते. तेल भरून झालं, असं तिने त्यांना सांगितलं, आणि मीच भरलं असणार असं समजून ते परत गेले होते.

मी बंबातलं कढत पाणी आणलं, गिअरबॉक्सला फडकी गुंडाळून त्यावर ओतत राहिलो. चाचा खाली बसून वितळलेलं खोबरेल परातीत धरत होते. दोन वेळा रॉकेलने धुतलं आणि मग त्यांनी आपल्या हाताने ते हिरवट तेल खुणेपर्यंत भरलं. निघताना मी त्यांची माफी मागितली. त्यांनी कानाला हात लावून ऐकू येत नसल्याची खूण केली आणि हसले. खरंच ऐकू आलं नव्हतं की कसं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आईला मात्र ते म्हणाले, "सांभाळून जा बाय. भाऊ वाट बघतोय."

हातखंब्याच्या चढाला मी श्वास रोखून गिअर टाकला. गिअरबॉक्सने हूं की चूं केलं नाही. आईने गाठोडं घट्ट धरलं होतं. वाटेत पाणी प्यायला थांबलो तेव्हा तिने एकच विचारलं, असेल ना रे तो? मी असेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

होता. दुपार कलताना आम्ही पोचलो. मामा ओटीवरच्या खाटेवर पडून होता; एवढा दांडगा माणूस, पार पोरासारखा झालेला. आईला बघून त्याच्या घशातून कसलासा आवाज निघाला. मला वाटलं, एकोणीस वर्षांचं साचलेलं आता ती बोलेल. ती खाटेच्या कडेला बसली, पदराने त्याची हनुवटी पुसली, आणि म्हणाली, "दादा, मी आले." मामाने डाव्या हाताने तिचा हात धरला तो दिवेलागणीपर्यंत सोडला नाही.

ती तिथेच राहिली. मला कामावर परतावं लागलं. सहाव्या दिवशी मामा गेला. तिला आणायला गेलो तेव्हा ती शांत होती, वाटेतही शांत होती. घरी आल्यावर, चुलीशी बसल्या बसल्या, मी हळूच विचारलं की सहा दिवसांत काही समेट झाला का.

"तो काय बोलणार? मीच बोलत होते," ती म्हणाली. लाकडं पुढे सारली. "वाचा गेली होती तेच बरं झालं बघ. नाहीतर आम्ही पुन्हा भांडलो असतो, आणि मी तिसऱ्या दिवशीच निघून आले असते."

एवढं म्हणून ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. वडील गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो, आणि भाताला कढ येऊन गेला तरी आम्ही दोघं तिथून उठलो नाही.